टिपूरावांचा मान

हिराबाय साऱ्या जगाला ‘तू’ म्हणायची. सरपंचालाही आणि बँकेच्या मॅनेजरलाही. अहो-जाहो फक्त माझ्या कुत्र्याला. ‘‘या टिपूराव, बसा.’’ समुद्रकाठच्या नवापुरात आमची दारं समोरासमोर होती. बोईसरला मासळी विकायला निघण्याआधी ती पाटीतला पहिला तुकडा टिपूला द्यायची, मगच पाटी डोक्यावर घ्यायची. मी शाळेत शिकवणारी, एकटी. टिपू माझा असला तरी त्याच्यावर हक्क तिचाच, हे मी केव्हाच मान्य केलं होतं.

टिपूच्या मानेखाली गाठी आल्या. कॅन्सर निघाला. मुंबईच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नेहमीचं औषध त्याला लागू पडत नाही. एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे, तीत घेता येईल. गुण येईलच असं नाही. मी घरी येऊन रडले. मुक्या जनावरावर प्रयोग करू द्यायचा?

हिराबाय बोंबील वाळत घालत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘‘कोनती तरी होडी पयली जाते, तवा मागच्यांना खडक कलतो. टिपूराव पुढं गेले तर काय वाईट हाय? आनि तरले तर आपलेच हायत.’’ दुसऱ्या दिवशी मी सही केली.

नियम कडक होते. सकाळी उपाशीपोटी गोळी, मग ठरवून दिलेलं खाणं, बाकी काही नाही. गल्लीतलं प्रत्येक घर टिपूला खाऊ घालणारं. हिराबायने दारोदार फिरून दम भरला, ‘‘टिपूरावांना कोनी काय घातलं, तर त्याला मी बगून घेन!’’

तरी टिपू गोळी ओकू लागला. गोळीआधी पोटात काहीतरी जातंय, असंच चाललं तर त्याला चाचणीतून काढावं लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. मी पाळत ठेवली आणि चोर सापडला. हिराबाय स्वतः.

‘‘हिराबाय, तू?’’

ती खरोखरच गोंधळली. ‘‘पन मी खायला कुठं घातलं? यो तर त्यांचा मान हाय. पयला वाटा. तो खान्यात धरतात काय?’’

समजावल्यावर ती मटकन उंबऱ्यावर बसली. मग डोळे पुसून म्हणाली, ‘‘त्यांना मासा चालत नाय तवर मलाबी नाय.’’ कोळणीने मासा सोडायचा! सुना हसल्या, शेजारणी हसल्या. दिवसभर मासळी विकून ती घरी डाळभात गिळायची. ‘‘डाल म्हंजे काय, पिवलं पानी,’’ अशी कुरकुर रोजची, पण शब्द मोडला नाही.

गाठी विरल्या. चाचणी संपली आणि मासा चालेल असं कळलं, त्या दिवशी तिने मीठ न घालता पापलेट शिजवलं, काटे काढले आणि त्याच्यापुढे ठेवलं. त्याने चाटूनपुसून खाल्ल्यावरच तिने स्वतः घास घेतला. इतकं सुख मला दुसऱ्या कशाने क्वचितच झालं असेल.

त्यानंतरचा पावसाळा आणि पुढचा उन्हाळा टिपू मजेत जगला. ते दिवस औषधाने दिले तितकेच हिराबायने दिले. तिचे उपकार मी फेडू शकणार नाही, फेडायचेही नाहीत. तो गेला तेव्हा आम्ही त्याला तिच्याच परसात पुरलं.

पुढे डॉक्टरीणबाईंचा फोन आला. ते औषध आता आणखी कुत्र्यांना देत होते, गुणही येत होता. मी धावत जाऊन हिराबायला सांगितलं. दुसऱ्या सकाळी तिने पाटीतला पहिला तुकडा काढला. गल्लीत लूत लागलेलं एक कुत्रं होतं, त्याला ती एरवी काठी उगारून हाकलायची. तुकडा तिने त्याच्यापुढे ठेवला.

‘‘या,’’ ती म्हणाली, ‘‘बसा.’’