दगडावरची सात वर्तुळं

अन्याय झाला एका आठ वर्षांच्या मुलीवर. गेल्या दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी अकराला, कोठी भागातल्या हॉलमध्ये, आमच्या मराठी मुलांच्या चित्रकलेच्या वर्गात. करणारी मी.

आदल्या दिवशीच मी अफझलगंजला 'आपले दगड वाचवा' अशी पत्रकं वाटत फिरले होते. दर रविवारी मी मुलांना निसर्ग बघायला शिकवायचे, तोही भिंतीवरच्या जुन्या चित्रातून. शहराबाहेरचं तळं, काठाला तीन अजस्र दगड. शंभर मोजेपर्यंत चित्राकडे बघायचं, मग पाठ फिरवून काढायचं, हा नियम.

ही मुलगी चित्राकडे बघतच नव्हती. तिनं दोनच दगड काढले. मधल्याच्या जागी कोरा कागद. मोठ्या दगडावर लाल गोल.

"दगडाला कुंकू लावलं गे हिनं!" मागून कुणीतरी ओरडलं. "शादी है क्या उसकी?"

सगळी हसली. मीसुद्धा.

"नीट बघ," मी म्हणाले.

"बघितलं ना ताई. असंच आहे."

मी रबर घेतलं. गोल खोडले, खोडता खोडता मोजले, सात. मधला दगड माझ्या हातानं काढून दिला.

पुढच्या रविवारी वर्ग त्या तळ्यावर नेला. एकही पक्षी नाही. पाण्यावर दगडाच्या भुकटीची पांढरी साय, जराही न हलणारी. दगड दोनच. मध्ये आभाळ, अगदी तिच्या कोऱ्या कागदाच्या आकाराचं. हॉल डोक्यावर घेणारी मुलं एकमेकांना चिकटून उभी राहिली. मोठ्या दगडावर लाल वर्तुळं होती. सात. प्रत्येकात सुरुंगासाठी पाडलेलं भोक. मी एकात हात घातला, तो कोपरापर्यंत गेला. आतली गार हवा बोटांना लागली, कुणी श्वास सोडावा तशी.

"तुला कसं ठाऊक?"

"मी इथंच राहते की." तिनं पलीकडच्या पत्र्याच्या खोल्या दाखवल्या. "रोज बघते. आधी मधल्यावर गोल आले होते."

सहा महिने माझ्या वर्गात होती. राहते कुठं, मी कधी विचारलं नव्हतं.

तिनं दप्तरातून रबर काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. "आता हे पण खोड ना, ताई."

मोठा दगड आज तरी उभा आहे. येत्या रविवारी तुमच्या मुलांना घेऊन आठला हॉलपाशी या. तळ्यावर दगडापासून लांब बसवा, काढू द्या. काढलेलं सुधारू नका. खाली तारीख घाला आणि दगड फोडण्याविरुद्धच्या तक्रारीला जोडायला ते चित्र माझ्याकडे द्या.