वरची बाजू

माझी लेक अमेरिकेत राहते; सध्या मी तिच्याकडे आले आहे. तिच्या परसात तिने पाळलेली कासवं आहेत, पाठीवर पिवळी नक्षी असलेली, ओंजळीत मावतील एवढी. परवा त्यांतल्या एका मादीने मातीत अंडी घातली आणि ती मागे वळूनही न पाहता निघून गेली. मग लेक गुडघे टेकून बोटांनी हलकेच माती बाजूला करू लागली. प्रत्येक अंडं उचलण्याआधी ती त्यावर पेन्सिलीने बारीकसा ठिपका काढत होती.

"तीट लावतेस की काय?" मी विचारलं.

"नाही गं आई. वरची बाजू वरच राहायला हवी. अंडं उलटलं तर आतलं पिल्लू जगत नाही."

ओल्या शेवाळाच्या डब्यात ती एकेक अंडं ठिपका वर ठेवून मांडत गेली, आणि मला माझी आई आठवली. वडिलांच्या सारख्या बदल्या व्हायच्या. नव्या गावी सामान उतरलं की स्टोव्ह पेटवायच्याही आधी आई पूर्वेची खिडकी शोधायची आणि माझं अंथरूण तिच्यालगत घालायची. शाळा बदलायची, मैत्रिणी बदलायच्या, सकाळचं ऊन मात्र माझ्या उजव्या गालावरच पडायचं. मला ती तिची लहर वाटायची; लेकीलाही मी ती गंमत म्हणूनच सांगितली होती. इतक्यांदा हलूनही मी उलटले कशी नाही, ते तेव्हा कळलं.

डबा उबदार कपाटात ठेवून लेक हात धुवायला गेली. मी माझ्या खोलीत येऊन पलंगावर बसले. मी यायच्या आधीच तिने तो हलवून ठेवला होता, पूर्वेच्या खिडकीशी.