तिला हवं होतं ते पिस्तूल

केंब्रिजच्या आमच्या शूटिंग क्लबमध्ये पिस्तूल कसं असावं यावर तासन्‌तास गप्पा चालत. कुणाला ट्रिगर हलका हवा असे, कुणाला जड पोलादी बांधा, म्हणजे हाताला धक्का कमी बसतो. माझ्या बायकोला एवढंच हवं होतं की स्लाइड तिच्या आखडलेल्या बोटांनी ओढता यावी. पिस्तुलाचा तो वरचा भाग मागे ओढल्याशिवाय पहिली गोळी नळीत चढत नाही. नेम तिचा माझ्याहून चांगला होता, पण दर वेळी तिला म्हणावं लागे, "अहो, जरा ओढून देता?"

हलक्या स्लाइडचं पिस्तूल दुकानात होतं. मी म्हणालो, "ते नवशिक्यांचं गं. लोक हसतील."

एका रविवारी तिने पुन्हा हाक मारली, तेव्हा मी म्हणालो, "कणीक तिंबायला बरा जोर येतो!" आणि मित्रांना ते इंग्रजीत सांगितलं. सगळे हसले. तीही हसली. त्यानंतर ती क्लबमध्ये आली नाही. पुढे इथल्या सरकारने हँडगनची, म्हणजे पिस्तुलांची, विक्रीच थांबवली आणि घ्यायचं म्हटलं तरी मिळेना.

ती गेल्यावर क्लबमधले मित्र भेटायला आले. "तिला नेमबाजीचा कंटाळा आला होता ना?" एकाने विचारलं. मी हो म्हणालो.

ते खोटं होतं. शेवटच्या हिवाळ्यातही ती बेसमेंटमध्ये रिकाम्या हातांनी भिंतीवर नेम धरून उभी राहायची, आणि मी जिन्यातूनच मागे फिरायचो.