दोराचे मागचे टोक

देवचार, राखणदार, चकवा... यांपैकी कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. आयुष्य बोटींवर काढले. वारा आणि भरती-ओहोटी, एवढेच मानले. तरीही तारकर्लीच्या किनाऱ्यावर, भर दुपारी, माझ्या डोळ्यांदेखत जे घडले ते या दोहोंत कुठेच बसत नाही!

निवृत्तीनंतर मी मदत पथकांना शिकवतो – वादळात, पुरात माणसे आणि कामे कशी हाताळावीत. माझा पहिला नियम असा: पथकप्रमुखाने दोराला हात लावायचा नाही. बाजूला उभे राहून सर्वांना पाहायचे. ज्याचे हात गुंतले, त्याचे डोळे गेले.

त्या दिवशी प्रमुख होती सुलभा, मासे विकणारी. सराव सोपा होता. उथळ पाण्यात नांगरलेली होडी. तीत ‘अडकलेले’ तिघे, त्यांत सुलभाचा धाकटा भाऊ दिनेश. होडीला बांधलेला दोर बाकीच्यांनी किनाऱ्यावरून ओढायचा, सारा गाव मिळून रापणीचे मासेमारीचे जाळे ओढतो तसा.

“बरा आसा गो तुजा! नुसती बोंब मारूची!” दिनेश होडीतून ओरडला.

“बोंब मारूकय अक्कल लागता रे!”

सगळे हसले. तेवढ्यात नांगराची दोरी तुटली!

ओहोटीने होडी उचलली – थेट नदी-समुद्राच्या संगमाकडे, जिथे पाणी भोवरे घेते. दोर धरलेले सगळे वाळूवरून फरफटत गुडघाभर पाण्यात गेले. सुलभा दोराकडे झेपावली.

“जागेवर!” मी गरजलो.

ती थांबली. कशी थांबली, ते तिचे तिलाच ठाऊक. तिने दोरावरून मागपर्यंत नजर फिरवली आणि हात उंचावला.

“मागच्यांनू, जोर काढा! हां... आता!”

मागे कोणीही नव्हते. शेवटच्या माणसामागे दोराचे रिकामे टोक वाळूत पडलेले असते. मी पाहिले – ते वर उचलले गेले होते! कमरेच्या उंचीवर, ताठ, आणि तिच्या हाताच्या तालावर मागे सरकत होते! होडी वळली... एक लाट, दुसरी लाट... आणि वाळूला लागली.

दिनेशच्या पाठीत धपाटा घालून सुलभा माझ्याकडे आली.

“सायबानू, ती माणसां खंय गेली? तुमीच हाडलात मा?”

“कोणती माणसे? मी कोणालाच आणलेले नाही.”

“टोकाक होती ती. म्हातारी सगळी. माझ्या हाताकडे बघून ओढी होती.”

ओढणाऱ्यांची तोंडे समुद्राकडे होती. त्यांना कळले ते एवढेच, की दोर एकाएकी हलका झाला.

रापणीच्या दोराला जो हात लावतो त्याला मासळीचा वाटा मिळतो, मग तो परका का असेना. सुलभाने आपल्या टोपलीतले बांगडे आणले आणि टोक पडले होते तेथे ठेवले. असले प्रकार मी सरावात चालू देत नाही. त्या दिवशी मी टोपी काढून उभा राहिलो.

वाऱ्याने जाडजूड दोर असा उचलला जात नाही. लाट तेथवर पोहोचलीच नव्हती.

शेवटच्या माणसामागे मी आता दोर बराच लांब सोडतो.