तवा चुलीवर होता तोवर

चौथीच्या वर्गाला मी दरवर्षी व्यसनांचे दुष्परिणाम शिकवायचे. फळ्यावर एकाखाली एक लिहायचे: दारू, बिडी, तंबाखू, गुटखा. मुलं वहीत उतरवून घ्यायची, आणि टेबलाच्या खणात, हजेरीपटाच्या मागे, माझी मिश्रीची डबी असायची. फळ्यावर मिश्री मी कधीच लिहिली नाही. आपण लबाडी करतोय असंही कधी वाटलं नाही. तंबाखू भाजून, काळी करून, चुरून दातांना लावली की ती तंबाखू राहत नाही, तो दात घासण्याचा प्रकार होतो, अशी माझी पक्की समजूत होती. दिवसातून सहा वेळा दात घासणारी मास्तरीण अख्ख्या तालुक्यात मी एकटीच असेन.

माझं माहेर भीमेपलीकडे, शिरूर तालुक्यात. तेराव्या वर्षी दाढ दुखायला लागली तेव्हा आईनेच बोटावर मिश्री घेऊन दाढेला लावली. आधी घेरी आली, मग ओकारी झाली. तिसऱ्या दिवशी दाढ थांबली आणि मिश्री चालू राहिली. आईला मी दोष देत नाही. तिच्या आईने तिलाही तशीच लावली होती.

लग्न होऊन अलीकडे राहू गावात आले ती नोकरीसकट. थोरल्या जाऊबाईंना ते पचलं नाही. "पर्समधी पेन हाय, पर हाताला माती न्हाई," असं त्या मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणायच्या. आमच्या रानात शेवंती. तोडणीच्या बाया दुपारी तीनला आमच्या पडवीत टेकायच्या आणि परसातल्या चुलीवर जुन्या तव्यात मिश्री भाजली जायची. एका रविवारी जाऊबाईंचं बोलण्यात लक्ष गेलं आणि सगळी करपली. मी न विचारता दुसरी भाजून दिली. मंद जाळ, सारखा फिरता हात, आणि धूर पातळ झाला की लगेच खाली. जाऊबाईंनी बोट फिरवलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हिच्या हाताला चव हाय बया." त्या दिवसापासून तवा माझा झाला. त्या बायांच्या घोळक्यात मला बसायला जागा मिळाली तीही त्या तव्यामुळेच. हे मी विसरू शकत नव्हते, आणि पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

निवृत्तीनंतर भाजणं रोजचंच झालं. दुसऱ्या वर्षी तिखट झोंबायला लागलं म्हणून यवतला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. माझ्या मुलीच्या वयाची पोरगी. तिने गाल बाजूला करून आरसा धरला. आत पांढरा चट्टा होता, चुन्याचं बोट पुसावं तसा. तिने त्याचा बारीक तुकडा काढून पुण्याला तपासायला पाठवला. निकाल यायला आठ दिवस लागले. मनातल्या मनात दागिने वाटून झाले, साड्याही वाटून झाल्या.

निकाल चांगला आला. "कॅन्सर नाही मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण मिश्री चालू राहिली तर उद्याची खात्री मी देणार नाही. आजपासून बंद. तीन महिन्यांनी चट्टा पुन्हा बघू."

मी त्याच दिवशी बंद केली. डबी उकिरड्यावर फेकली. पण तवा चालूच ठेवला. बाया काय म्हणतील? मास्तरीणबाईला आता आमची पंगत नको झाली? म्हणून रोज तीनला चूल पेटवायची, भाजायची, चुरून सगळ्यांच्या डब्या भरून द्यायच्या, आणि स्वतः तोंडात लवंग धरून बसायचं. वर मला स्वतःचा अभिमान! एवढ्या वासात बसून बोट लावत नाही म्हणजे केवढा माझा निग्रह.

पण ओढ कमी व्हायचं नाव नाही. सकाळी मी जरा बरी असायचे, दोन वाजले की जीव वर-खाली व्हायला लागायचा. तोंडाला पाणी सुटायचं, नातवावर उगाच खेकसायचे. पंचवीस दिवस काढले. सव्विसाव्या दिवशी तवा उतरवला आणि माझंच बोट मला न विचारता दातांवर गेलं. खरं सांगते, चांगलंही लागलं नाही. कडू राख नुसती. तरी मी दुसऱ्यांदा बोट लावलं. मग मोरीत जाऊन चुळा भरल्या आणि रडले. मरणाची भीती असूनही मला हे सुटत नाही, म्हणजे मी माणूस म्हणूनच हलकी, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी यवतला गेले. बोलणी खायची तयारी होती. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय करता ते सांगा." मी सांगत गेले. तीन वाजताचं आलं तसं त्यांनी पेन खाली ठेवलं.

"भाजता? अजून? तुम्हीच?"

"बाया बसतात हो. माझ्याच हातची लागते त्यांना."

त्यांनी मग मला डोपामिन सांगितलं. मला वाटायचं, डोपामिन म्हणजे मेंदूतला आनंद. त्या म्हणाल्या, ते आनंदापेक्षा ओढीचं रसायन आहे. "हे घे, हे पुन्हा कर," असं मेंदूला शिकवणारं. मिश्रीतलं निकोटिन सुरुवातीला ते उसळवतं. पण मेंदू हुशार. मिश्रीच्या आधी रोज काय घडतं ते तो पाठ करतो, आणि मग ती उसळी मिश्रीची वाट बघत नाही. चूल, तवा, वास, तीनचा सुमार, एवढ्यावरच ती येते. पुढं मिश्री मिळाली नाही की तळमळ. मिळाली तरी पहिल्यासारखी मजा नाही, कारण रोजच्या माऱ्याने मेंदू बधिर झालेला असतो. ओढ मात्र तशीच राहते.

मी पस्तीस वर्षं शिकवलंय, मला लगेच कळलं. आमचा शिपाई घंटेकडे जायला नुसता उठला की पोरं दप्तरं भरायला लागायची. घंटा वाजायच्या आधीच वर्ग उधळलेला. खरी मजा त्याच्या उठण्यात. घरी जाऊन तीच पोरं कंटाळायची. आणि मी काय करत होते? शिपायाला रोज उठवत होते, घंटा वाजू देत नव्हते, आणि पोरं गप्प बसत नाहीत म्हणून स्वतःला मारत होते.

केवढं ओझं उतरलं म्हणून सांगू! मी हलकी नव्हते. मी मूर्ख होते, आणि मूर्खपणावर इलाज असतो.

घरी येऊन जाऊबाईंना सांगितलं, तवा बंद. बसायला या, चहा करते, पण तवा नाही. त्यांना ते लागलंच. "आमची घाण याया लागली व्हय आता? दे हिकडं तवा." तवा घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवसापासून बाया त्यांच्या परसात बसायला लागल्या, बांधापलीकडे. माझ्या पडवीत मी एकटी. ते दिवस वाईट गेले. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की काही आठवडे सगळं सपक वाटेल, बधिर मेंदू सावरायला वेळ घेतो. खरंच जेवण सपक, माणसं सपक, टीव्ही सपक. वारा तिकडून सुटला की वास यायचा आणि हात कमरेच्या पिशवीकडे जायचा, जिथं डबी नव्हती. मग मी उठून लांब विहिरीपर्यंत चालत जायचे. हळूहळू तीन वाजून गेलेलेही कळेनासे झाले. एकदा शेवग्याची आमटी भुरकताना मी थांबले. आमटीला चव होती! सुनेला म्हटलं, "आज काय वेगळं घातलंस?" ती म्हणाली, "काही नाही, रोजचीच आहे."

तीन महिन्यांनी चट्टा दाखवायला निघाले तर रस्त्यावर जाऊबाई उभ्या. नवं लुगडं, हातात जड पिशवी. "यवतला काम हाय," म्हणाल्या आणि जीपमध्ये माझ्या शेजारी बसल्या. दवाखान्यातही माझ्या मागोमाग आत.

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ बॅटरी धरली. "मावशी," त्या म्हणाल्या, "चट्टा जवळजवळ गेलाय. सहा महिन्यांनी परत या, पण आज निवांत झोपा."

मी उठले तशा जाऊबाई त्या खुर्चीत बसल्या. "माजं बी बघा," म्हणाल्या आणि आ केला. त्यांच्या गालाच्या आत त्यांना खरखरीत लागत होतं, वर्ष होऊन गेलं होतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. "तुला सुटतंय का ते बघत व्हते," त्या मला म्हणाल्या. "तू शिकलेली. तुला जमलं नसतं तर माजं काय व्हनार व्हतं?"

चट्टा नव्हता. दाताची तुटकी कड गालाला घासत होती. डॉक्टरीणबाईंनी ती घासून सारखी केली आणि मिश्री सोडायची ताकीद दिली. बाहेर आल्यावर जाऊबाई माझा हात धरून पायरीवर बसल्या आणि हुंदके देत रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पहिल्यांदाच पाहिलं.

मग त्यांनी डोळे पुसले आणि पिशवी उघडली. आत तवा होता. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्यापुढे त्यांनी तो ठेवला. तो म्हणाला, "चांगला हाय की मावशी, कशाला देताय?" आणि तवा उचलून तराजूकडे निघाला. इतक्या वर्षांचा वास त्यातून सुटला. आम्हा दोघींच्या माना एकदमच तिकडे वळल्या.

जाऊबाईंनी माझा हात ओढला. "चल," म्हणाल्या, "मागं बघू नगं."