खाऱ्या पाण्याचे भाऊजी

भाऊजी गेल्याची तार जळगाव-जामोदला आली, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न उठला तो हा, की ही तार केली कुणी? खोटी तर नसेल? माझा स्वभावच तसा. हा देवापुढचा नारळही वाजवून घेतो, असं गावात माझ्याबद्दल म्हणतात. पण तार खरी होती. माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान तिकडे मद्रास इलाख्यात समुद्रकाठी वारले होते. त्याला आता महिना उलटून गेला...

आमचं घर माळकरी. जावई शिकलेला, स्वभावानं गरीब, उद्या नागपूरच्या एखाद्या कचेरीत चिकटेल, म्हणून बाबांनी पोरगी दिली. तो चिकटला कुठं, तर सरकारच्या मासेखात्यात. काम काय, तर माशांची नुकती जन्मलेली पिल्लं समुद्रात वाहत वाहत कुठं जातात आणि कुठं मुक्काम करतात, ते शोधायचं. सातपुड्याच्या पायथ्याशी यावर कोण विश्वास ठेवणार? "मासोळीची पिल्लं पाह्याले सरकार पगार देते काय?" बाबा म्हणाले. "हा खाऊन राह्यला असंन." आणि खाणाऱ्याच्या घरी पोरगी नांदवायची नाही, म्हणून त्यांनी आक्काला ठेवून घेतलं. भाऊजी दर दिवाळीला न्यायला यायचे आणि एकटेच मलकापूरला गाडीत बसायचे. आक्का गोठ्यात जाऊन बसे.

शेवटी तपासाला मला धाडलं. मी न कळवताच गेलो. दारात पाऊल टाकलं तर समोर खुंटीवर भाऊजींची तुळशीची माळ. माळ उतरवून माणूस काय खातो, हे आम्हा माळकऱ्यांना सांगावं लागत नाही. मी भांडी हुंगली, चुलीतली राख उकरून काटे शोधले. काही सापडलं नाही, त्यानं तर संशय वाढलाच. तेवढ्यात भाऊजी ओलेचिंब होऊन आले आणि माझे राखेतले हात पाहून हसले. "जाळं वढताना माळ अटकते, बापू," एवढंच म्हणाले. मला ते पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला होडीतून नेलं. मलमलीसारख्या कापडाचं जाळं ओढून, तळाशी जमलेलं पाणी काचेच्या भांड्यात ओतलं. मला आधी काहीच दिसेना. मग डोळे दिसले... नुसते डोळे, बाकी अंग पाण्यासारखंच. आई खोल समुद्रात अंडी टाकून निघून जाते, पिल्लं प्रवाहाबरोबर वाहतात, आणि खाडीत, गवतात, खडकांत जागा पसंत पडली की तिथंच राहतात, असं भाऊजी सांगत होते.

"अन् नाही पसंत पडली त?"

"थांबत असतीन. अजून जरासे वाहत असतीन. तेच त पाहून राह्यलो." मग जाळं पिळता पिळता म्हणाले, "पण लई दिवस थांबता येत नाही, बापू."

हे आक्काबद्दल चाललं आहे, असा मला दाट संशय आला. तो मी आजतागायत सोडलेला नाही.

घरी येऊन मी पाहिलं तेच सांगितलं. खाताना दिसले नाहीत, पण माळ खुंटीवर होती. "झालं मंग," बाबा म्हणाले. आक्का भाकरी थापत होती. हाताचं पीठ धुऊन ती बाहेर आली. "खात असतीन त खातीन, बाबा. मी चालली." आणि गेली. बाबांनी तिच्याशी बोलणं ठेवलं नाही, ते वारले तेव्हाही ती आली नाही.

आता भाऊजी गेल्यावर मी तिला आणायला गेलो होतो. तेरावं आटोपलं, तरी ती येत नाही म्हणाली. मला राग आला आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेलं मी विचारून टाकलं. "आक्का, आता त खरं सांग. भाऊजी खात होते?"

"त्यायनं जल्मात नाही खाल्ली. त्यायले वासच सहन नव्हता होत," आक्का म्हणाली. "मले आवडते."

मी साऱ्या गावावर संशय घेतला, हिच्यावर तेवढा कधी घेतला नव्हता. भाऊजींवर मात्र जन्मभर पाळत ठेवली, आणि आता माफी मागायला ते नाहीत, याचं फार वाईट वाटलं.

संध्याकाळी मला पिठलं वाढून झाल्यावर ती आपलं ताट घेऊन आत बसली. स्वयंपाकघराच्या दाराबाहेर एक पाट कायमचा मांडलेला आहे. ती जेवायची तेव्हा, तिनंच सांगितलं, भाऊजी तिथं पाठमोरे बसायचे, नाकाला उपरणं लावून, आणि दिवसभराच्या गोष्टी सांगायचे. रोज.

"बस न तिथं," आक्का आतून म्हणाली. "एकटीले जेवण जात नाही."

मी उपरणं नाकाला लावलं, पाटावर बसलो, आणि गावाकडचं सांगायला लागलो.