वस्तादांनी पाहिलेला एकच एपिसोड

मराठी मंडळाच्या अंकासाठी टीव्हीवरच्या एखाद्या कार्यक्रमाबद्दल दोन पानं लिहा, असा निरोप आला. बाकीची मंडळी गाण्याच्या स्पर्धांवर लिहितील. मी ‘महादंगल’वर लिहितो. रायपूर राजधानी झाल्यावर चार-पाच वर्षांनी आपल्या लोकल केबलवर दर रविवारी संध्याकाळी ही कुस्तीची मालिका लागायची. इतकी घाण मी पडद्यावर कधी पाहिली नाही, आणि त्या घाणीत माझाही हात आहे. तुळशीराम वस्ताद हयात होते तोवर हे लिहिता येत नव्हतं.

वस्ताद मूळचे तुमसरकडचे. रेल्वेच्या वॅगन कारखान्यात चौतीस वर्षं फिटर. आमच्या पारात, म्हणजे मोहल्ल्यात, देवळामागे टिनाच्या छपराखाली जो अखाडा आहे, तो त्यांनीच उभा केला. ताक, हळद आणि तेल घालून माती मळायची, रोज पहाटे फावड्याने खालीवर करायची. आत शिरताना चपला बाहेर. हसताना त्यांना मी फारसं पाहिलं नाही. लोक मात्र त्यांना मानायचे ते त्यांच्या निकालामुळे.

नागपंचमीची दंगल झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी वस्ताद अखाड्याच्या ओट्यावर बसायचे आणि एकेका कुस्तीचा निकाल साऱ्या पारासमोर बोलून दाखवायचे. कोण कोणत्या डावावर पडला, कोणाचा खांदा टेकलाच नव्हता, कोणी चोरून डोळ्यात बोट घातलं, सगळं. मैदानात पंच काहीही म्हणोत, पारात चालायचा तो वस्तादांचा निकाल. एकदा त्यांनी स्वतःच्या साडूच्या पोराला ‘भ्याला म्हणून पडला’ म्हटलं. साडू सहा वर्षं बोलला नाही. वस्तादांनी निकाल बदलला नाही.

आणखी दोन नियम होते. एखाद्या नव्या मैदानाला आपल्या अखाड्याची मूठभर माती दिली, की तिथल्या कुस्त्यांचा निकालही वस्तादांनीच सांगायचा. आणि नुरा कुस्ती, म्हणजे आधीच ठरवून पडायची-पाडायची कुस्ती, जो खेळेल त्याचा पाय पुन्हा या मातीत पडायचा नाही.

आता हिरालाल. हा पूर्वी आमच्या गच्चीवर केबलची वायर ओढायला चढायचा. राजधानी झाली आणि ज्याला त्याला वाटू लागलं की आपणही कोणीतरी झालो. हिरालालने सदर बाजारात एका कापड दुकानाच्या वर ऑफिस थाटलं, काळा चष्मा घेतला आणि चॅनलचा मालक झाला. मी तेव्हा नवीन मंत्रालयात कारकून. तो मला ‘भास्कर साहब’ म्हणायचा. मीही राजधानीचाच माणूस, मला ते गोड लागायचं. त्याने विचारलं, ‘‘वो पुराने उस्ताद से मिलवा दो ना.’’ कार्यक्रमाच्या शेवटी ‘विशेष आभार’ म्हणून माझं नाव येईल म्हणाला. मी त्याच दिवशी त्याला अखाड्यावर घेऊन गेलो.

‘‘असली कुश्ती दिखाएंगे चाचा, अपने छत्तीसगढ़ के पहलवान,’’ हिरालाल म्हणाला. ‘‘बस आपके अखाड़े की माटी का आशीर्वाद चाहिए.’’

वस्तादांनी एकच प्रश्न विचारला. ‘‘चीत कायले म्हणान? दोन्ही खांदे टेकले पाह्यजे.’’

‘‘हव चाचा, दोनों कंधे.’’

झालं. कुस्त्या आधी ठरवलेल्या असतात का, हे वस्तादांनी विचारलंच नाही. लग्नाला गेलेला माणूस नवरदेव खरा आहे का असं विचारत नाही, तसंच ते. पितळेच्या पेल्यात माती घेऊन ते स्वतः शूटिंगसाठी घेतलेल्या मंगल कार्यालयात गेले. निळ्या फोमच्या गाद्यांवर दोरांनी बांधलेलं चौकोनी मैदान होतं. त्याच्या चारही कोपऱ्यांत त्यांनी चिमूट चिमूट माती ठेवली, उरलेल्या मातीचा पेला एका कोपऱ्यात ठेवून नमस्कार केला. हिरालालने शाल-नारळ दिला आणि मी टाळ्या वाजवल्या. शूटिंग त्याच रात्री होतं, ते पाहायला आम्ही थांबलो नाही.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, पहिला एपिसोड लागणार होता. वस्ताद समता कॉलनीत माझ्या घरी आले. त्यांच्याकडे टीव्ही नव्हता. सोफा सोडून खाली बसले, पाठ ताठ, जसे मैदानाच्या कडेला बसायचे. माझ्या बायकोने, उल्काने चहा ठेवला. तो शेवटपर्यंत तसाच राहिला, वर साय धरली.

पहिली कुस्ती ‘फौलाद’ नावाच्या एका तेल चोपडलेल्या माणसाची आणि ‘डॉक्टर डेंजर’ची. डॉक्टरच्या गळ्यात स्टेथोस्कोप. सलामी नाही, हात मिळवणं नाही. फौलादने डॉक्टरच्या पाठीत लोखंडी खुर्ची घातली, डॉक्टरने ट्यूबलाइट त्याच्या डोक्यावर फोडली. पंच म्हणून उभा असलेला माणूस मुद्दाम दुसरीकडे बघत होता. प्रेक्षकांत बायका-मुलं बसलेली, आणि रक्त दिसलं की तीच जास्त ओरडत होती. ते रक्त होतं की लाल रंग, देव जाणे. रंग असेल तर फसवणूक आणि रक्त असेल तर त्याहून वाईट.

दुसऱ्या कुस्तीत दोन बायका एकमेकींचे केस ओढत होत्या आणि निवेदक जे बोलत होता ते मी इथे लिहिणार नाही. उल्का उठून आत गेली. वस्तादांनी डोळे मिटून घेतले.

‘‘भास्कर, हे काय दाखवून राहिला बे?’’

‘‘वस्ताद, बंद करू का?’’

‘‘नोको. माती देल्ली आहे मी. पाहाच लागते.’’

तिसरी कुस्ती ‘राजधानी का शेर’ विरुद्ध ‘काला नाग’. शेर म्हणजे कुठल्याशा जिमचा फुगवलेला गोरा मुलगा. नागाच्या तोंडावर काळा मुखवटा. लोक आधीपासूनच त्याला ‘गद्दार, गद्दार’ म्हणत होते. नाग दोराखालून आत आला, वाकला, गादीला हात लावून तो कपाळाला लावला.

वस्ताद म्हणाले, ‘‘हा तं आपला गौतम आहे.’’

गौतम म्हणजे वस्तादांचा सगळ्यात चांगला चेला. वय सव्वीस, सिलतऱ्याला एका कारखान्यात भट्टीवर काम, आणि उरलेला सगळा वेळ अखाड्यात. स्वतःला मूलबाळ नसल्यामुळे वस्ताद आपल्यामागे अखाडा त्याच्याच हाती देणार होते. ते साऱ्या पाराला माहीत होतं. तो मुखवटा लावून माझ्या टीव्हीवर उभा होता.

दोन मिनिटं खोट्या थपडा झाल्या. मग नाग ठरल्याप्रमाणे आडवा पडला आणि शेर कोपऱ्यातल्या दोरावर चढला, उडी मारायला. उडी मारताना त्याचा पाय निसटला. तो डोक्यावर येत होता. मला ते त्या वेळी दिसलंसुद्धा नाही. मला एवढंच दिसलं की पडलेला नाग मध्येच अर्धवट उठला, शेर त्याच्यावर कोसळला आणि नाग खांदा धरून कळवळला. शेर उठला, त्याला खरचटलंही नव्हतं. त्याने नागाच्या छातीवर पाय दिला, मुखवटा ओढून काढला, कोपऱ्यातला पितळी पेला उचलला आणि आमच्या अखाड्याची माती गौतमच्या तोंडात कोंबली. वर थुंकला. ‘‘चटा दी मिट्टी!’’ निवेदक किंचाळला. सगळं मंगल कार्यालय नाचत होतं.

ज्या मातीत आपण चपला घालून जात नाही, ती माती. आणि नेमकं तेव्हाच पडद्यावर नावं सरकू लागली. ‘विशेष आभार’मध्ये माझं नाव होतं, एकही चूक न करता लिहिलेलं.

वस्ताद उठले. ‘‘उद्या सकाळी निकाल,’’ एवढंच म्हणाले.

सोमवारी सकाळी अखाड्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. साऱ्या पाराने एपिसोड पाहिला होता, आणि नुरा खेळणाऱ्याला काय शिक्षा हेही साऱ्यांना माहीत होतं. वस्ताद गौतमला हाकलतात का, हे बघायला लोक आले होते. कुठून तरी हिरालालला कळलं, तोही कॅमेरा घेऊन आला. मी त्याला हटकलं. वस्ताद म्हणाले, ‘‘राहू दे. निकाल चारचौघांतच सांगाचा असते.’’

गौतम मातीच्या कडेला उभा होता. उजवा हात गळ्यात बांधलेला, ओठ फुटलेला, मान खाली.

‘‘पयली कुस्ती,’’ वस्तादांनी सुरुवात केली. ‘‘कुस्ती नव्हती. ट्यूबलाइट फुटली, बस. दुसरी. मी डोये मिटले होते, निकाल नाई. तिसरी.’’ ते गौतमकडे वळले. ‘‘गौतम, तू ठरवून पडाले गेलता का?’’

गौतमला मराठी सगळी कळते, पण उत्तर तो हिंदीतच देतो. ‘‘हव वस्ताद.’’

‘‘काहून?’’

‘‘मेरे को भी असली बोले थे. उसी दिन मेकअप के बाद बताए कि गिरना है. मैं लौट रहा था. फिर देखा कोने में अपना पेला रखा है, अपनी माटी है. सोचा, वस्ताद दिए हैं तो ठीक ही होगा.’’

वस्तादांनी मातीकडे पाहिलं. मग बोलले ते एकेक शब्द तोलून.

‘‘लोक म्हणतीन, गौतम नुरा खेळला. ऐका. थो शेर दोरावरून डोक्यावर येऊन राहिला होता. मान मोडली असती त्याची. यानं पडल्या जागेवरून उठून त्याले खांद्यावर घेतलं. सोताचा खांदा निखळला, पण सोडलं नाई. थ्या अख्ख्या तमाशात कुस्ती तेवढीच झाली, अन् थे यानं केली. गौतमचा निकाल, विजयी.’’

गौतमने मान वर केली. त्याचे डोळे भरून आले होते. माझेही.

‘‘नुरा खेळलो थो मी,’’ वस्ताद म्हणाले. ‘‘न विचारता माती देल्ली. माही माती पाहून पोट्टा मांग नाई फिरला. नुरा खेळणाऱ्यानं या मातीत पुन्हा पाय ठेवाचा नाई.’’

त्यांनी अखाड्याची किल्ली गौतमच्या डाव्या हातात दिली. बाहेर आले, चपला घातल्या आणि समोरच्या पुलियावर, नाल्यावरच्या छोट्या पुलाच्या कठड्यावर, जाऊन बसले. त्यानंतर ते कधी आत गेले नाहीत. रोज पहाटे यायचे, पुलियावर बसून तिथूनच ओरडायचे, ‘‘पट काढ बे, पट!’’

पुढच्या रविवारी मी दुसरा एपिसोड पाहिला. सुरुवातीलाच आमचा अखाडा दिसला. मागे विजांचा कडकडाट लावलेला. वस्ताद म्हणाले, ‘गौतम नुरा खेळला.’ लगेच पुढचं, ‘नुरा खेळणाऱ्यानं या मातीत पुन्हा पाय ठेवाचा नाई.’ मधलं सगळं कापलेलं. मग गौतमचे भरलेले डोळे, तीन वेळा, संथ करून. खाली पट्टी, ‘गुरु ने गद्दार चेले को निकाला.’ आणि शेवटी पुन्हा माझे विशेष आभार.

मी दुसऱ्याच दिवशी सकाळी सदर बाजारात हिरालालच्या ऑफिसवर गेलो, तो राहायचाही तिथेच, आणि त्याची गचांडी धरली. आयुष्यात पहिल्यांदा कोणाची तरी धरली. तो घाबरला नाही. ‘‘भैया, पब्लिक को यही चाहिए,’’ म्हणाला. ‘‘चाचा से बोलो ना, एक बार फिर निकाल दें. इस बार चांटा भी.’’ मी त्याला सोडलं ते हाताला घाण लागली म्हणून. खाली येताना कापड दुकानासमोर झाडणारा नोकर शेजाऱ्याला सांगत होता, ‘‘वो गद्दार वाला देखा क्या कल?’’

तिथून मी तसाच अखाड्यावर गेलो. आठ वाजले होते. वस्ताद पुलियावर बसले होते. आत गौतम डाव्या हाताने फावडं चालवत होता. वस्तादांना काय सांगायचं म्हणून पारातलं कोणी आलेलं नव्हतं.

‘‘भास्कर,’’ वस्तादांनी विचारलं, ‘‘काल दाखवलं का?’’

‘‘दाखवलं.’’

‘‘गौतमचं पूर्ण दाखवलं? विजयी म्हटलं थे?’’

फावड्याचा आवाज थांबला. गौतम माझ्याकडे पाहत होता. त्यानेही एपिसोड पाहिला होता, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्याने वस्तादांना काहीच सांगितलं नव्हतं. त्याने किंचित मान हलवली, सांगू नका अशी.

‘‘पूर्ण दाखवलं, वस्ताद,’’ मी म्हणालो. ‘‘एक शब्द कापला नाही.’’

‘‘मंग झालं,’’ वस्ताद म्हणाले. ‘‘पोट्ट्याचं नाव साफ झालं पाह्यजे होतं.’’

वस्ताद त्यानंतर दोन वर्षांनी गेले. पाराने त्यांना ते कधी कळू दिलं नाही. गौतमला मात्र सदर बाजारात अजून कोणीतरी मागून ‘काला नाग’ म्हणून हाक मारतं. म्हणून मंडळाने दिलेली ही दोन पानं मी त्याच्यासाठी वापरली. त्या एपिसोडचा खरा निकाल वर लिहिला आहे, वस्तादांच्या शब्दांत, एक शब्द न कापता.

दर नागपंचमीला गौतम मला आत बोलावतो. मी चपला घालून पुलियावरच बसतो.